काकांनी काट्याची पूजा केली

सरळ लिहिते. गोल गोल लिहिणं मला जमत नाही. पुण्यात कॉलेजला असताना मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचे. पत्रक एका पानात बसलं पाहिजे आणि कोण कोणाला लुबाडतंय ते पहिल्या ओळीत कळलं पाहिजे, असं तिथे शिकवलेलं. त्या शिकवणीप्रमाणे पहिली ओळ अशी : पोर्तो रिकोच्या डोंगरातल्या एका गावात तीन पिढ्या चाललेलं हार्डवेअरचं दुकान होतं, त्याची इमारत विकत घ्यायला माझे सख्खे काका टेक्सासहून आले, आणि त्यांना बोट धरून त्या दुकानात मीच नेलं.

पोर्तो रिको हे बेट अमेरिकेचंच आहे, हे सांगावं लागतं, कारण टेक्सासच्या फ्रिस्को गावातल्या काकांच्या निम्म्या मित्रांना तिथे जायला पासपोर्ट लागतो असं वाटायचं. लागत नाही. डॉलर तेच, पोस्ट तेच, पासपोर्टही तोच. फक्त राष्ट्राध्यक्ष निवडताना तिथल्या माणसांना मत नाही. आणि मुख्य भूमीवरचा पैसेवाला तिकडे राहायला गेला तर त्याला करात जी सवलत मिळते, ती तिथे जन्मलेल्या माणसाला मिळत नाही. हे वाक्य मी आमच्या पत्रकांत इतक्या वेळा लिहिलंय की हात आपोआप लिहितो. तरी दर वेळी डोकं तापतंच.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये मास्टर्स करायला आले होते, वीजवहनात. श्रूजबरीत मराठी मुलींबरोबर भाड्याने राहायचे, दर शनिवारी कोणाच्या तरी घरी पोहे. डिग्री झाल्यावर सगळ्या मैत्रिणी नोकरीला लागल्या आणि मी या बेटावर वीज-चळवळीत आले. मोठ्या वादळानंतर डोंगरातल्या गावांना महिनोन् महिने वीज नव्हती आणि अजूनही ती हवी तेव्हा जाते. आमचा गट गावोगाव छपरांवर सोलर बसवतो, सभा घेतो, पत्रकं वाटतो. आईच्या भाषेत, ‘एवढं शिकून खांबावर चढते.’

चौकातल्या त्या दुकानाच्या वर मागच्या बाजूला एक खोली होती, ती मी भाड्याने घेतली होती. मालकीणबाई साठीच्या. सगळं गाव त्यांना दोन्या म्हणायचं, म्हणजे आपल्याकडे आक्का म्हणतात तसं. लग्न केलेलं नाही. आजोबांनी घातलेलं दुकान वडिलांनी चालवलं, वडिलांच्या मागे त्यांनी. स्वभावाने कडक म्हणणार होते, पण खरं तर भांडकुदळ. ठिपक्यांच्या सोंगट्यांच्या डॉमिनोज खेळात हरल्या की दोन दिवस समोरच्या माणसाला वॉशरसुद्धा नीट दाखवायच्या नाहीत. लिपस्टिक लावल्याशिवाय शटर उघडायच्या नाहीत. शेजारच्या गावातली माणसं चोर असतात, हे त्यांचं ठाम मत होतं आणि त्या गावच्या माणसाला मोड देतानासुद्धा त्या ते बोलून दाखवायच्या.

दुकान म्हणाल तर आपल्याकडच्यासारखंच. खिळे, बिजागऱ्या, कोयंडे, नळाच्या तोट्या, छपराचे पत्रे, कॉफीच्या मळ्यात लागणारे कोयते, पाण्याच्या टाक्या. खिळे अजून वजनावर. छताच्या तुळईला टांगलेला काळा लोखंडी काटा, त्याला खाली पितळी पारडं. मात्र एक रीत इथलीच. गावाची वीज गेली की दोन्या मागचा जनरेटर सुरू करायच्या आणि दाराच्या पायरीवर वायरींचा एक जुडगा आणून टाकायच्या. कोणीही यावं, फोन लावावा. दम्याची पोरं वाफारा घ्यायला तिथेच बसायची. इन्शुलिनच्या बाटल्या त्यांच्या फ्रीजमध्ये अंड्यांच्या खाचांत उभ्या असायच्या, प्रत्येकीवर ज्याच्या त्याच्या नावाची चिकटपट्टी. आमच्या गटाने हे सगळं ‘सामुदायिक ऊर्जा केंद्र’ म्हणून एका पत्रकात लिहिलं तेव्हा दोन्या म्हणाल्या, “केंद्र कसलं! पायरी आहे.”

आता भानगड. इमारत एकट्या दोन्यांची नव्हती. वडिलांनी वाटणी केली नव्हती, म्हणून ती दोन्यांची आणि त्यांच्या वारलेल्या भावाच्या मुलांची मिळून. आपल्या सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची नावं एकाखाली एक असतात ना, तसंच. एकाची सही अडली की सगळं अडलं. भाचरं ऑर्लँडोला. त्यांना गावाशी घेणंदेणं नाही, त्यांना विकायचं होतं, आणि टेक्सासचं कोणतरी गिऱ्हाईक मिळालं होतं. दोन्यांचं उत्तर ठरलेलं होतं, त्यांनी ते मलाही सांगितलं होतं.

“नवा मालक खाली दुकान राहू देणार असेल, तर भाडं देईन आणि सहीही देईन. वर काय हवं ते करा. नाहीतर माझी सही माझ्याबरोबर थडग्यात.”

“आणि कोर्टात गेले तर?”

“जाऊ देत. तोपर्यंत मी खिळे विकते.”

अशात काकांचा फोन आला. “अगं, तू त्या पोर्तो रिकोतच आहेस ना? आम्ही येतोय! फॉल ब्रेक आहे, वादळांचा सीझन म्हणून तिकिटं स्वस्त आहेत. काकू म्हणते, पोरीला भेटू, जरा हिंडू.”

मला आनंदच झाला. खोटं कशाला सांगू? अमेरिकेत पहिल्यांदा उतरले तेव्हा मला घ्यायला काका फ्रिस्कोहून विमानाने बॉस्टनला आले होते. काकूंनी प्रेशर कुकर, डबे, गोधडी, सगळं आणलं होतं. पहिल्या थंडीत मी आजारी पडले तेव्हा काकू रोज व्हिडिओवर माझ्याकडून मुगाची खिचडी करून घ्यायच्या आणि मी खाईपर्यंत फोन ठेवायच्या नाहीत. हे लिहितेय कारण ‘टेक्सासचा गुंतवणूकदार’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणीतरी चिरूट ओढणारा उभा राहतो. आमच्या पत्रकांतही मी तोच उभा करायचे. माझे काका फ्लाइटमध्ये स्वतःच्या पोळ्या नेतात.

दोघे आले, गाडी चौकात लावली, आणि मिठ्या मारून झाल्यावर काकांचा पहिला प्रश्न, “ते हार्डवेअरचं दुकान कुठलं? हेच ना?”

मला वाटलं, दुकान बघून आजोबा आठवले. माझ्या आजोबांचंही हार्डवेअरचं दुकान होतं, सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. काका दहावीपर्यंत त्या दुकानात गल्ल्यावर बसलेले. नऊ हजार मैलांवर तसलंच दुकान बघून माणूस हळवा होणार, एवढाच विचार मी केला. चळवळीतली मुलगी मी! कोण घर घेतंय, कोणाच्या नावाची कंपनी, मागे कोण, हे शोधण्यात माझ्या रात्री जातात. घरच्या माणसाला मी विचारलं नाही. डोक्यातच आलं नाही.

आत शिरल्याबरोबर काका काट्यापाशी गेले. वर बघितलं, पारड्याला बोट लावलं आणि ते बोट कपाळाला लावलं. अगदी सवयीने, देवळाची पायरी चढताना करतो तसं.

दोन्या काउंटरमागून बघत होत्या. त्यांना स्पॅनिशच येतं, म्हणून मला विचारलं, “हे काय केलं त्यांनी?”

मी सांगितलं की काकांच्या वडिलांचं असंच दुकान होतं. काका म्हणाले, “सांग, सेम काटा होता. सेम. आणि सांग की उद्या खंडेनवमी आहे. उद्या आम्ही काटा धुवून पुसून त्याची पूजा करायचो. दिवसभर काट्याला सुट्टी. नाना एक खिळा तोलायचे नाहीत.”

मी सांगत गेले आणि दोन्यांचा चेहरा बदलत गेला. गावात नवी गाडी आली की पाद्री येऊन तिच्यावर पाणी शिंपडतो, त्यामुळे वस्तूला आशीर्वाद देणं त्यांना नवं नव्हतं. पण काट्याला सुट्टी ही गोष्ट त्यांना फार आवडली. “म्हणावं, उद्या या. इथे करा.”

बाहेरच्या बाकावर एक म्हातारे बसलेले असायचे, स्कूल बसचे रिटायर झालेले ड्रायव्हर, दोन्यांचे डॉमिनोजमधले जुने शत्रू. ते ओरडले, “काट्याला सुट्टी? चोवीस वर्षं मी हिच्याकडून खिळे घेतोय, काट्यावर सगळ्यात जास्त काम हिच्या अंगठ्याने केलंय. सुट्टी अंगठ्याला द्या!”

मी हसत हसत भाषांतर केलं. काकाही हसले. मग म्हाताऱ्यांकडे बघत, हसू तसंच ठेवून, मराठीत मला म्हणाले, “दिवसभर हे बाकावरच का? गव्हर्नमेंटचा चेक येत असेल. म्हणून ही बेटं वर येत नाहीत बघ. नुसते निवांत.”

काकू म्हणाल्या, “अहो, हळू.”

“त्यांना कुठे मराठी येतंय?”

दोन्यांनी विचारलं, “काय म्हणतात?”

सभेत माईक हिसकावून घेणारी मी. गोऱ्या साहेबाने आपल्याबद्दल हेच म्हटलं होतं, यावर पानभर लिहिलेली मी. म्हणाले, “म्हणतात, गाव छान निवांत आहे.”

 दोन्यांना बरं वाटलं. त्यांनी काकांना कॉफी दिली.

दुसऱ्या दिवशी काकू पिवळी साडी नेसून आल्या. पर्समध्ये हळदकुंकवाची डबी होतीच. झेंडू मिळाला नाही. पण तिथे कुंपणाकुंपणाला जास्वंद आहे आणि आंबा तर दारोदार. आम्ही दोघींनी पिशवीभर जास्वंद आणि डहाळी आणली. काकांनी बाह्या सरसावल्या, स्टुलावर चढून काटा स्वतः पुसला. साखळीची एकेक कडी रॉकेलच्या फडक्याने, मग कोरड्या. पारडं चिंचेने घासायचं असतं म्हणाले. चिंचही तिथे आहे. पितळ असं निघालं की दोन्या पुढे येऊन त्यात बघून केस सारखे करायला लागल्या.

मग हळदकुंकू, जास्वंद, आंब्याचा टाळ, नारळ. काकांनी हात जोडले. बराच वेळ जोडले. वळले तेव्हा डोळे ओले होते. ते रडणं खोटं नव्हतं. पुढचं वाचताना कोणी म्हणेल की नाटक केलं. नाही. नाटक असतं तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

दोन्यांनी दिवसभर काटा वापरला नाही. येईल त्याला खिळे ओंजळीने दिले. “आज सुट्टी आहे,” म्हणून वर दाखवायच्या. गिऱ्हाइकं मान मागे टाकून त्या लाल फुलांकडे बघायची. बाकावरचे म्हातारे मुद्दाम दोनदा खिळे न्यायला आले. “ओंजळ भर नीट. देव बघतोय.”

गाव इतकं खूश मी त्याआधी क्वचित पाहिलं होतं, आणि ते माझ्या माणसांमुळे होतं. मान ताठ झाली होती माझी. 

संध्याकाळी काका-काकूंच्या भाड्याच्या घरी जेवायला गेले. काकूंनी वरण-भात लावला होता. जेवता जेवता त्यांनी फोन पुढे केला. “हे बघ, तुला सरप्राइज द्यायचं होतं. किती गोड झालंय ना?”

चित्र होतं, कॉम्प्युटरवर केलेलं. चौक ओळखू आला. चर्च ओळखू आलं. मधली इमारत पांढरीशुभ्र, वर बाल्कन्यांतून वेताच्या खुर्च्या. पुढचं चित्र आतलं. उघड्या विटांची भिंत, लाकडी टेबलं, लॅपटॉप घेतलेली माणसं, कॉफीचं मशीन. आणि मधोमध छताला टांगलेला काळा काटा. पितळी पारड्यात रोपटं.

“आपल्या ग्रुपने घ्यायचं ठरवलंय,” काका म्हणाले. “चार फॅमिलीज. वर एअरबीएनबी, खाली कॅफे. ऑर्लँडोची मुलं तयार आहेत, फक्त त्या बाईंची सही राहिलीय. आणि आज बघितलं ना तू? काय रॅपो झालाय!”

“तुम्ही बघायला आला होतात,” मी म्हटलं.

“मग? बघितल्याशिवाय कोण घेतं?”

“पूजा?”

काकांना प्रश्नच कळला नाही. “पूजेचं काय?”

“ज्या काट्याची सकाळी पूजा केली, त्यात तुम्ही झाड लावणार आहात.”

“अगं, म्हणून तर ठेवतोय! आमचा आर्किटेक्ट म्हणत होता, स्क्रॅप करा. मी म्हटलं, नो. काटा राहील. नाव पण तेच ठेवू. जुना फील जाता कामा नये.”

“आणि दुकान?”

“दुकान कसं चालणार यार आता? डोंगर उतरलं की मोठं स्टोअर आहे. भावना वेगळी, व्यवहार वेगळा. नानांनीच शिकवलं.”

काकू माझ्या ताटात तूप वाढत म्हणाल्या, “तू आधी जेव बाई.” मी जेवले. भूक होती आणि वरण चांगलं झालं होतं. उठून जायला हवं होतं असं आता वाटतं, पण उठून काय, चार पावलांवर तेच गाव.

सकाळी खाली आले तर दोन्या शटर उघडून लिपस्टिक लावून तयार. काट्यावरची जास्वंद मलूल झाली होती, त्यांनी काढली नव्हती. मला बघून म्हणाल्या, “पोरी, मी ठरवलं. सही करते.”

“कुठली सही?”

“मला काय समजत नाही का? टेक्सासहून येतात, इमारतीकडे वर-खाली बघतात, भाचरांशी यांचंच बोलणं झालेलं असणार. पहिल्या दिवशीच कळलं. गप्प राहिले. म्हटलं, माणूस कसा आहे बघू.” त्यांनी काट्याकडे हात केला. “विचारायची गरजच राहिली नाही. जो माणूस असं करतो तो दुकान बंद करणार नाही. इतक्या वर्षांत माझ्या भावाने या काट्यावरची धूळ पुसली नव्हती.”

इथे कोणी माझी बाजू घेऊ नये. मी काही शूरपणा केला नाही. तोंडातून निघून गेलं, इतकंच. मी म्हटलं, “दोन्या, ते बंद करणार आहेत. कॅफे करणार आहेत. काटा ठेवणार आहेत, शोभेला.”

त्यांनी वर काट्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “फुलं वाहून?”

“हो.”

“तुमच्यात असं करतात?”

 करतात? आम्ही काट्याची पूजा करतो, हे खरं. आमच्या नानांच्या काट्याची दर वर्षी केली, हेही खरं. आणि नाना गेल्यावर बाबा आणि काकांनी ते दुकान मोबाइलवाल्याला विकलं, काटा भंगारात गेला, त्या पैशांत काकांची अमेरिकेतली फी आणि आमचा पुण्याचा फ्लॅट झाला, हे तितकंच खरं. शेवटच्या खंडेनवमीला काटा धुताना दोघांनाही माहीत होतं की व्यवहार झालाय. तरी हळदकुंकू वाहिलं. आमच्या घरात यात कोणाला विसंगती दिसली नाही. नीट निरोप दिला, असं बाबा अजून अभिमानाने सांगतात.

दोन्या म्हणाल्या, “त्यांनाच बोलव. तू सांगितलेलं नको. त्यांच्या तोंडून.”

काका आले ते हसत, हातात कॉफीच्या बियांची पाकिटं, फ्रिस्कोला न्यायला घेतलेली. काकू मागे. दोन्या काउंटरच्या आत उभ्या राहिल्या, मी मध्ये.

“विचार,” दोन्या म्हणाल्या. “खाली खिळे विकले जाणार की नाही?”

मी विचारलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. एका क्षणात त्यांना कळलं की मी बोललेय.

“तू सांगितलंस?” मराठीत.

“हो.”

“जेवायला बसवून दाखवलं तुला. घरची म्हणून.”

“काका, त्यांनी विचारलंय. उत्तर द्या.”

“सांग की... सांग, त्यांना आम्ही सन्मानाने ठेवू. त्यांचा फोटो लावू, आजोबांचा फोटो लावू. हिस्टरी वॉल. त्यांना लाइफटाइम कॉफी फ्री.”

मी शब्दन् शब्द सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही, गोड केलं नाही. ते सांगताना मला जितकं अवघडल्यासारखं झालं तितकं कोणत्याही सभेत, कोणत्याही पोलीस ठाण्यात झालं नव्हतं. भाषांतर करताना आपण ‘मी’ म्हणतो ना. ‘मी तुमचा फोटो लावीन, मी तुम्हाला फुकट कॉफी देईन’ असं मी, माझ्या तोंडाने, त्यांच्या काउंटरसमोर उभी राहून म्हणत होते.

दोन्यांनी विचारलं, “यांच्या वडिलांच्या दुकानाचं पुढे काय झालं?”

काकांनी पाकिटं काउंटरवर ठेवली. मी ते मराठीत आणलंच नाही. काकू म्हणाल्या, “काय विचारतायत त्या?”

मी विचार न करता दोन्यांना स्पॅनिशमध्ये सगळं सांगून टाकलं, मोबाइलचं दुकान, भंगार, फी, फ्लॅट. भाषा कळली नाही तरी काकांना कळलं मी काय सांगतेय. हाताच्या खुणा, काट्याकडे बघणं. त्यांचा चेहरा उतरला. “घरातलं बाहेर काढू नये गं,” एवढंच म्हणाले, रागाने नाही. मला तो आवाज ओळखीचा नव्हता. नाना गेले तेव्हा मी लहान होते, त्या दिवशी काका असे बोलले असतील.

दोन्यांनी ऐकून घेतलं. मग स्टुलावर चढल्या. मी पुढे झाले तर मला बाजूला केलं. काट्यावरची फुलं काढली, पारडं एप्रनच्या टोकाने पुसलं. हळदीचा डाग राहिला. उतरल्या आणि काकांना म्हणाल्या, “सही नाही.” आणि काकूंकडे वळून, “तुमची साडी सुंदर होती.”

दोन्ही वाक्यं मी सांगितली.

काकू रडल्या. काका गाडीकडे गेले. जाताना मागे वळून मला म्हणाले, “तुझी फी कुठून आली असं वाटतं तुला? तो फ्लॅट तारण होता.”

ते बरोबर बोलत होते. माझ्या शिक्षणाचं कर्ज त्या फ्लॅटवर होतं. म्हणजे मी ज्या दोन पायांवर उभी राहून पत्रकं वाटते, त्यांतला एक पाय भंगारात गेलेल्या एका काट्यावर आहे. यावर घोषणा तयार होत नाही. मी करून बघितली.

ते गेल्यावर दोन्यांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही. उलट दुपारी खाली बोलावून झापलं. “दुनियाभरच्या चोरांची नावं काढतेस. तुझ्या घरचे येतात तर एवढं विचारता आलं नाही, का येताय?” मी म्हटलं, चूक झाली. त्या म्हणाल्या, “चूक नाही. लाडावलेली आहेस.” आणि पत्र्याचं बंडल उचलायला लावलं.

काकांच्या ग्रुपने पुढे त्याच रस्त्यावर खालच्या अंगाला दोन घरं घेतली. त्या मालकांना दुकान चालवायचं नव्हतं, सही अडली नाही. काकू अजून मेसेज करतात. थंडीचे दिवस आले की विचारतात, तुला स्वेटर नको ना तिकडे? मी ‘नको’ लिहिते, पुढे एक हात जोडलेलं चित्र टाकते. काकांशी बोलणं नाही.

भाचरांनी वाटणीसाठी कोर्टात अर्ज केला. वकील म्हणाला, गावातली माणसं सुनावणीला आली, दुकानामुळे गावाचं काय चालतं ते सांगितलं, तर कदाचित उपयोग होईल. कदाचित. पत्रक काढायचं ठरलं आणि ते माझ्याकडे आलं. एका रात्रीत लिहिलं. उत्तम उतरलं होतं. टेक्सासचे गुंतवणूकदार, करसवलत, पायरीवरच्या वायरी, वाफारा घेणारी पोरं, सगळं एका पानात. गटातल्या सगळ्यांना आवडलं.

छापून आणलं आणि गठ्ठा काउंटरवर ठेवला. दोन्यांनी चष्मा लावून वाचलं. उलटून मागे कोरं पान बघितलं.

“यात तू कुठे आहेस?”

“मी? मी लिहिणारी.”

“टेक्सासचे कोणतरी, असं लिहिलंयस. गावाला काय, माहीत नाही? अख्ख्या गावाने तुला त्या बाईबरोबर फुलं तोडताना बघितलंय. कोर्टात उद्या कोणी विचारलं, की ही पोरगी कोण, तर मी काय सांगू?” त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. “काकाचं नाव नको. त्याची बायको चांगली आहे. पण तू त्याची पुतणी, हे लिही. नाहीतर हे माझ्या काउंटरवर नको.”

गटात मी हे सांगितलं तर मतभेद झाले. एक जण म्हणाली, त्याने मुद्दा कमकुवत होतो, लोकांचं लक्ष तुझ्याकडे जाईल. मीही दुसऱ्या कोणाला हाच सल्ला दिला असता. पण काउंटर दोन्यांचा होता, सुनावणी दोन्यांची होती. पुन्हा छापलं. पहिल्या ओळीच्या खाली एक ओळ वाढवली : ‘विकत घ्यायला आलेला माणूस माझा काका आहे, आणि त्याला या दुकानात मी आणलं.’ ती ओळ आल्यामुळे बाकीचं एका पानात बसेना, म्हणून करसवलतीचा परिच्छेद कापावा लागला. माझा सगळ्यात आवडता परिच्छेद होता तो.

रविवारी चर्च सुटल्यावर मी चौकात उभी राहून वाटायला लागले. पत्रक वाटताना मी एरवी माणसाच्या डोळ्यांत बघते, तसंच शिकवलंय. त्या दिवशी सगळ्यांच्या चपला बघत होते. काही जणांनी घेतलं आणि न वाचता पुढे गेले. एका बाईने वाचलं, माझ्याकडे बघितलं, पोराचा हात घट्ट धरून निघून गेली. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी बसल्या जागी हात पुढे केला. मी दिलं. त्यांनी ओठ हलवत पहिल्या दोन ओळी वाचल्या.

“हा काका. लांबचा?”

“नाही,” मी म्हटलं. “सख्खा. बाबांचा भाऊ.”

“हं.” त्यांनी पुढचं सगळं वाचलं, सावकाश. मग विचारलं, “सुनावणी किती वाजता आहे? मला सकाळी लघवीचं औषध असतं, लांबचा प्रवास जमत नाही.”

मी वेळ सांगितली. वाटेत दोनदा थांबू, असंही सांगितलं. ते म्हणाले, मग येतो. आणि सरकून बाकावर जागा केली, पण माझ्या हातात अजून बराच गठ्ठा होता.